गड्डा न धरणारा कांदा

माझं माहेर पेणला. तिथे आमचं अंगण म्हणजे शेजाऱ्यांचे गणपती वाळवायची जागा. तुळशीपलीकडे त्यात कधी काही रुजलं नाही. लग्न होऊन रोह्याजवळच्या खेड्यात आले, तर घरामागची परसबाग म्हणजे सासूबाईंचं राज्य. भात कापून झालं की तिथे पांढरा कांदा, कडेला मिरच्या, कुंपणावर वाल. मला हक्क फक्त पाणी घालायचा. त्या घरात सगळं होतं, पण माझं म्हणावं असं काही नव्हतं, आणि ते मला फार लागायचं.

माझा भाऊ हॉटेलात स्वयंपाकी. त्याने लीक नावाच्या विलायती भाजीच्या बियांची पुडी दिली तेव्हा मी हट्टच धरला. सासूबाईंनी विहिरीजवळचा एक वाफा मोकळा करून दिला. "शिमग्यापर्यंत काय दिसला तर वाफा तुझा. नायतर माझा कांदा हाय."

लीक दिसतो कांद्यासारखा, पण खाली गड्डा धरत नाही. खायचा तो त्याचा पांढरा दांडा, म्हणून रोप वाढेल तशी बुंध्याशी माती चढवत जायची. हे भावाने मला सांगितलं होतं. मी घरात कोणाला सांगितलं नाही. विचारलंच कोणी नव्हतं! सासूबाई जाता-येता वाकायच्या, बोटाने माती उकरून बघायच्या आणि गप्प पुढे जायच्या. त्या गेल्या की मी माती परत लोटायची. वाफ्यावरून आमचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

शिमगा तोंडावर आला. एका सकाळी धुणं घेऊन विहिरीवर गेले, तर माझा अख्खा वाफा आडवा. सगळी पात बुंध्यापाशी मोडलेली. आणि शेवटच्या ओळीत सासूबाई, लुगडं वर खोचून, पायाने एकेक रोप दाबत चाललेल्या.

माझं डोकंच फिरलं. "वाफा हवा होता तर मागायचा ना, आई! तुडवायचा कशाला?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "गड्डाच धरत नव्हता गो. कांद्याची पात मोडली का जोर खाली जातो. शिमगा आला ना. म्हटलं, तुझा वाफा जायला नको."

मी धुणं विहिरीच्या काठावर ठेवलं. वाफा परत घेणार होत्या त्याच, आणि तो वाचवायला धावल्या त्याही त्याच. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

त्या दिवशी मोडलेले लीक चिरून मी सुकटीबरोबर परतले. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. "कांद्यावानी नाय," त्या म्हणाल्या, "पन गोड हाय."

पुढल्या वर्षी भात कापून झाल्यावर त्यांनी कांद्याची रोपं लावली. विहिरीजवळचा वाफा तेवढा तसाच ठेवला. शिफ्टवरून आलेल्या माझ्या नवऱ्याने त्यांना विचारलं, "हा का रिकामा ठेवलास?"

"तो माझा नाय," त्या हात धूत म्हणाल्या. "तिला इचार."