कानानं केलेला पाक

शेवंताबाई रामटेके गुळाचा पाक कानानं करायची. यात तिचं काही कसब नव्हतं, तिला शिकवलंच तसं होतं. लग्न होऊन ती गोंदियाकडून रायपुरात आली तेव्हा नवरा तुळशीराम रेल्वेच्या कारखान्यात वॅगन दुरुस्त करायचा आणि सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सासूला ना पाकाचा रंग दिसायचा, ना फेस. ती पाकाचा थेंब थंड पाण्याच्या वाटीत सोडायची, त्याची गोळी झाली की उचलून स्टीलच्या ताटलीत टाकायची. गोळी थप्प बोलली तर पाक कच्चा. टण्ण बोलली की कढई खाली. नव्या सुनेनं सासूला विचारलं होतं, "पण मामीजी, रंग कसा पाह्यजे?"

"रंग मले काहून विचारतं?" सासू म्हणाली.

मग शेवंताबाईनं पुन्हा कधी रंगाकडे पाहिलं नाही. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, भाजायचे, चोळून सुपात पाखडायचे, निम्मे भरड ठेवायचे आणि निम्मे खलबत्त्यात तेल सुटून लोण्यासारखे होईस्तोवर कुटायचे. तोवर हाताला रग लागते, ती लागू द्यायची. टण्ण झालं की भरड आणि कूट पाकात घालायचं आणि तूप लावलेल्या पाटावर लाटून टाकायचं. ती चिक्की दाताखाली कडकडायची आणि जिभेवर विरायची. सासू गेली, पुढे तुळशीरामही गेला, पण तीन जानेवारीला सावित्रीमाईच्या जयंतीला विहारात शेवंताबाईचीच चिक्की वाटली जायची. महिला मंडळानं तसा ठराव कधी केला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

अडचण अशी झाली, की दोनेक वर्षांपासून ती राहायची त्या पुरानी बस्तीतली माणसं हळू बोलायला लागली. आधी भाजीवाल्यानं आवाज कमी केला. मग टीव्हीनं. मग कुकरनं शिट्टी द्यायचंच सोडलं. समोर बसून कोणी बोललं, तर शेवंताबाईला अर्धं ओठांवरून कळायचं आणि अर्धं अंदाजानं. अंदाज चांगला होता, कारण माणसं नवीन काही बोलतच नाहीत.

आपल्याला ऐकू येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होती गल्लीतली शांताबाई. शांताबाईनं एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि विसरली. लेकांनी तिला काही बोल लावला नाही. फार मानानं म्हणाले, "आई, आता तू आराम कर." तेव्हापासून शांताबाई ओसरीतल्या खाटेवर बसून मेथी निवडते आणि आज घरात काय शिजलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते. घर तिचंच आहे.

मागच्या जयंतीला शेवंताबाई टण्णची वाट पाहत राहिली. गोळ्या बिचाऱ्या वाजल्या असतील. तिनं कढई उतरवली तेव्हा गूळ काळा पडला होता. विहाराचे सचिव दयाराम गजभिये यांनी एक तुकडा चावला आणि निघालेली दाताची टोपी रुमालात बांधून तसंच भाषण केलं. उरलेली चिक्की होळीपर्यंत पुरली.

यंदा महिला मंडळाची प्रमोदिनी आधीच घरी आली. चहा घेतला, तब्येत विचारली, मग म्हणाली, "मावशी, यंदा तुमी आराम करा. बूढ़ापाऱ्यातल्या दुकानातून मागवून घेऊ."

आराम हा शब्द शेवंताबाईला कुठल्याही ओठांवर ओळखता यायचा.

"आराम शांताबाई करून राहिली ना," ती म्हणाली. "दोघींचा."

"तसं नाई मावशी. पण मागच्या वर्षी गजभिये साहेबांचं..."

"मागच्या वर्षी गूळ खराब होता."

प्रमोदिनी उठताना म्हणाली, "बरं, बनवा. पण यंदा बिघडली तं पुढच्या वर्षी दुकानाची, मावशी. मले बाकीच्यांले जवाब द्यावा लागते." म्हणजे चिक्की बिघडली तर विहारात कळणार, विहारात कळलं की लेक सुशीलला कळणार, आणि ओसरीत खाट टाकायला जागा होतीच.

सुशील नवा रायपुरात मंत्रालयात बाबू. त्याची बायको सोनिया दुर्गची. माहेर मराठी, पण तोंडात हिंदी. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सोनियाकडे भात आणि कांदा चिरणं एवढीच खाती होती. चिक्कीच्या दिवशी तर तिला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहायचीही मनाई, कारण कोणी बोललं की पाक ऐकू येत नाही.

दोन जानेवारीला शेवंताबाईनं हाक मारली, "सोनिया, इकडं ये. अशी उभी राह्य."

"क्या करना है, आई?"

"काई नाई. तोंड माह्याकडं कर."

सोनियाच्या चेहऱ्यावर काही लपत नसे. टीव्हीतल्या मालिकेत दार आपटलं की तिच्या पापण्या लवत. शेवंताबाईचा बेत सगळा त्या पापण्यांवर होता. तिनं गोळी ताटलीत टाकली आणि सुनेकडे पाहिलं. पापण्या जागच्या जागी. दुसरी टाकली. तशाच. तिसरीला पापण्या चांगल्या लवल्या, आणि शेवंताबाईनं कढई उतरवली.

गल्लीतून त्याच वेळी कोणाची तरी स्कूटर हॉर्न देत गेली होती, ते तिला कसं कळणार?

थंड झाल्यावर सोनियानं तुकडा उचलला. तुकड्याबरोबर पाटही उचलला गेला. "आई, ये तो खिंच रहा है."

"दिसते मले."

कुटलेल्या दाण्यांपैकी एका घाण्यापुरते उरले होते, म्हणजे संधी तेवढी एकच. शेवंताबाईनं पुन्हा गूळ चढवला. सोनिया पुन्हा समोर. आता पापण्यांचं काही खरं नव्हतं, कारण सोनिया तिच्याकडेच टक लावून बघत होती.

"आई, आप मेरा मुंह क्यों देख रही हैं?"

पाकाला मोठे बुडबुडे आले, मग ते लहान झाले. तिनं गोळी टाकली, सुनेकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं. माणसाला थांब म्हणता येतं, पाकाला नाही.

"वाजली काय?" ती म्हणाली.

"क्या?"

"गोळी. वाजली काय म्हणते मी. मले नाई ऐकू येत."

सोनियानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ताटलीजवळ वाकली. "अभी नहीं."

"आता?"

"नहीं."

"आता?"

"हव."

कढई खाली आली. दाणे, कूट, पाट, लाटणं. सुरीनं चौकोन पाडून झाल्यावर शेवंताबाईनं विचारलं, "सुशीलले सांगशील?"

"कुकर वाली बात मैंने बताई क्या उनको?"

"कुकरची कोणती बात?"

"साल भर से सीटी मैं ही गिन रही हूं, आई. गैस भी मैं ही बंद करती हूं." सोनिया आता तोंड समोर करून, सावकाश बोलत होती. वर्षभर शेवंताबाईला वाटत होतं, की डाळ आपल्या अंदाजानं शिजते. सोनिया पुढे म्हणाली, "नहीं बताऊंगी. पर शाम की सब्जी मैं बनाऊंगी."

शेवंताबाईनं सुरी धुतली. पुसली. जागेवर ठेवली.

"रोज?"

"रोज."

"रविवारी नाई."

"ठीक है. इतवार आपका."

दुसऱ्या दिवशी विहारात दयाराम गजभिये यांनी चिक्कीचा तुकडा आधी पुढच्या दातांनी तपासला आणि मगच मागे पाठवला. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा मागितला. प्रमोदिनी तीन तुकडे खाऊन दुकानाबद्दल काही बोलली नाही. शेवंताबाई पहिल्या ओळीत बसून भाषणं ऐकल्यासारखी मान हलवत होती.

रात्री जेवताना सुशीलनं बायकोला विचारलं. कमी ऐकणाऱ्या माणसासमोर लोक जसं विचारतात तसं, अगदी आईच्या पुढ्यात. "आई को आजकल कम सुनाई देता है क्या?"

"जितना सुनना रहता है, उतना सुन लेती हैं," सोनिया म्हणाली आणि सासूला मोठ्यानं विचारलं, "सब्जी कैसी है, आई?"

वांग्याच्या भाजीत तिखट असं पडलं होतं, की घरात दुसऱ्या कशाची चव उरली नव्हती. दोघंही तिच्याकडे बघत होती.

"बरी हाय," शेवंताबाई म्हणाली. पातेलं ओढून तिनं आणखी थोडी वाढून घेतली, आणि वर तांब्याभर पाणी प्यायली. रविवारला अजून चार दिवस होते.