नंदूचं ‘व्हय म्हाराजा’

मी दुबईला निघालो त्या सकाळी वडिलांनी अंगणात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो झिल परमुलखात चल्लो हा. जसो जाता तसो तेका परत हाड रे म्हाराजा.” जमलेल्या वाडीने “व्हय म्हाराजा” म्हटलं. आई पिशवीत कोकमं कोंबत होती. ती एवढंच म्हणाली, “खंयव रव, पण कोणाच्या दावणीक बांधून घेव नको.” मला हसू आलं. दावण गुरांची असते, असं तेव्हा वाटायचं.

विमानतळावरून बस थेट वाळवंटात गेली. रस्ता संपला तिथे आमचा कॅम्प. घर नाही, झाड नाही. तिथे नवं शहर उठवायचं होतं आणि आम्ही त्याचे पहिले रहिवासी. पोचल्या दिवशीच कंपनीने ‘सांभाळायला’ म्हणून आमचे पासपोर्ट घेऊन लोखंडी कपाटात टाकले. मागायला गेलं की ऑफिसातला माणूस म्हणायचा, “इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ.” पासपोर्ट नाही म्हणजे घरी जाणं नाही, दुसरीकडे काम नाही. कोणी याला नियम म्हणायचं. आमचे वयस्कर सुतार आनामामा सरळ गुलामी म्हणायचे. त्यावरून जेवताना माणसं एकमेकांच्या अंगावर जायची.

फोरमन नंदू आपल्याच शेजारच्या वाडीचा. सकाळी “यल्ला, यल्ला” करत आम्हाला बसमध्ये कोंबायचा. त्याचं तोंड बघायलाही नको वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आनामामांची बायको गेली. पासपोर्ट मिळाला नाही. तिकडे तेरावं झालं आणि इकडे मामा शटरिंगच्या फळ्यांना खिळे ठोकत होते.

मग चतुर्थी आली. प्लायवूडच्या मखरात गणपतीची तसबीर ठेवली आणि मामांनी गाऱ्हाणं घातलं. एरवी ते सगळ्यांसाठी चांगली तब्येत मागायचे. त्या दिवशी म्हणाले, “आमचे पासपोर्ट ज्येंनी कुलपात घातले हत, तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा. तोपर्यंत कामाक हात लावूचो नाय रे म्हाराजा.” नंदू पुढेच हात जोडून उभा होता. “व्हय म्हाराजा” सवयीने पहिलं त्याच्याच तोंडून निघालं. लगेच त्याचा चेहरा उतरला. गाऱ्हाण्याला दिलेला होकार मागे घेता येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसमध्ये चढलो नाही. नंदूने कोणाला चढवलंही नाही. ज्यांना कामावर जायचं होतं, त्यांच्या हातात कंपनीने स्टीलचे पाइप दिले. ती माणसं आमच्याच खोल्यांतली, काल आमच्याबरोबर प्रसाद खाल्लेली. नंदू मध्ये जाऊन उभा राहिला. “नंदू, हट जा,” ते ओरडले. आनामामांनीही त्याचा हात धरून ओढला, तेव्हा तो म्हणाला, “देवाफुडे व्हय म्हटलंय मामा. आता खंय जाव?” तेवढ्यात पाइप त्याच्या डोक्यात बसला. तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही.

पोलीस आले, लेबर ऑफिसची माणसं आली, कपाट उघडलं. नावं पुकारून पासपोर्ट वाटले. शेवटी एक उरला. तो नंदूचा होता. त्याचा त्याच्याकडे असतो, अशी आमची सगळ्यांची खात्री होती.

आता मी शारजात, अल मजाजला राहतो. छोटं कॉन्ट्रॅक्टिंग आहे. नवी पोरं म्हणतात, “सेठ, पासपोर्ट आप रखो, रूम में गुम जाएगा.” मी ठेवत नाही. त्या वाळवंटात आता बंगले आहेत, झाडं आहेत. तिथून गाडी नेली की मुलगी म्हणते, “नाइस एरिया, बाबा.” खरंच छान आहे. मी गाडी थांबवत नाही.

तुम्ही गावकरी विचारता, कायमचा परत कधी येणार? ठाऊक नाही. पण मनात आलं की निघता येतं, एवढ्यावरच ते गाव मला अजून माझं घर वाटतं. नंदूला तेवढंही मिळालं नाही. तो परत आला, पण पेटीतून, जसा गेला तसा नाही. आणि गावात तुम्ही अजून म्हणता, तो कंपनीचा माणूस होता. त्याच्या आईला कोणीतरी हे वाचून दाखवा.