कडेचे दगड

अण्णा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो बेळगावातून गोव्याला भाड्याची गाडी चालवायचा, चोर्ला घाटातून. मी डिप्लोमा करून एका कारखान्याच्या ऑफिसात संगणकावर काम करत होते. आमचं घर बेळगावातच, शहापुरात. खाली वडिलांचे दोन यंत्रमाग, वर आम्ही. माग चालू असताना बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून घरात सगळेच कमी बोलतात.

गेम बनवायचं माझ्या डोक्यात आलं. फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर मी रविवारी शिकत बसायचे. पहिल्यांदा पडद्यावर गाडी पळवली तेव्हा ती वळणावरून अगदी शहाण्यासारखी गेली. अण्णा मागे उभा राहून बघत होता.

"ही गाडी न्हाय गं, आगगाडी हाय," तो म्हणाला.

मग स्टूल ओढून बसला आणि जेवणाचं ताट दोन्ही हातांत स्टेरिंगसारखं धरून मला सांगायला लागला. घाटात एकदा ओल्या रस्त्यावर गाडी घसरली होती, तिची गोष्ट. "मागचं बूड सुटतं बघ. तवा ब्रेक मारलास की गेलीस. बूड जिकडं चाललंय तिकडंच स्टेरिंग फिरवायचं आन एक्सलेटर धरून ऱ्हायाचं. मग ती आडवी आडवी जाती, खरं जाती आपल्या मनासारखी."

याला ड्रिफ्ट म्हणतात, त्याच्या शर्यती होतात, असं मी सांगितलं. "म्हणू देत," तो म्हणाला.

तीन वर्षं आम्ही तेच केलं. तो गाडी चालवून बघायचा, मी आकडे बदलायचे. टायर किती धरणार, बूड कधी सुटणार, सुटल्यावर किती ओढणार. रस्ता आम्ही घाटाचाच घेतला. कठड्याचे पांढरे दगडसुद्धा त्याने आठवून आठवून लावून घेतले. आडव्या गाडीचं शेपूट त्या दगडांना जवळजवळ चाटून नेलं की जास्त गुण. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. निदान सुरुवातीला तरी.

मग तो दगडांवर आदळायला लागला. एकदा, दोनदा, मग प्रत्येक फेरीत.

"तुझा दगड मधनंच उगवतोय," तो म्हणाला. "आधी दिसतच न्हाय."

मला वाटलं, चूक माझीच. दगड उशिरा उमटत असतील. दोन आठवडे मी कोड तपासला. कॅमेरा मागे घेतला, दगडांना रंग दिला, संगणक बदलून पाहिला. मी खेळले की दगड जागच्या जागी असायचे. शेवटी एका रविवारी सकाळी मी त्याला पडद्यासमोर बसवलं, नजर मधल्या गाडीवरच ठेवायला सांगितली आणि कडेला दगड ठेवला.

"दगड हाय काय?"

"न्हाय."

दगड सरकवत आत आणला. जवळजवळ गाडीला टेकला तेव्हा तो म्हणाला, "हां, आता आला."

मी पुन्हा केलं. दुसऱ्या बाजूनेही केलं. तो काय ते समजला होता. "दोन म्हयनं झालं, मालकानं गाडी काढून घेतलीया," तो खाली बघून म्हणाला. "पार्किंगमधी दोनदा घासली. घरात सांगितलं न्हाय." रोज सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडत होता. कुठे जात होता ते मी विचारलं नाही.

डॉक्टर कानडीत बोलले, सावकाश, आम्हाला नीट कळावं म्हणून. नजर कडेकडून आत मिटत येते. औषध नाही, ऑपरेशन नाही. घराण्यातून येतं, म्हणून माझेही डोळे तपासले. ते स्वच्छ निघाले. "बरं झालं," अण्णा म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं, आणि ते ऐकताना मला कुठे बघावं कळेना.

घरी आल्यावर मी गेम बदलला. सगळं चित्र पडद्याच्या मध्यावर आणलं, हाताच्या ओंजळीएवढं, भोवती काळं. अण्णा पुन्हा खेळायला लागला. तसाच आम्ही तो इंटरनेटवर विकायला ठेवला. ज्या थोड्या लोकांनी घेतला त्यांनी लिहिलं, गाडी झकास आहे, पण नळीतून बघितल्यासारखं वाटतं, चित्र मोठं करा. ते एका दिवसाचं काम होतं. मी केलं नाही. वर्षभर केलं नाही, आणि लोक यायचे थांबले.

मग अण्णाची नजर त्या ओंजळीहूनही लहान झाली. एका रविवारी वळणावर गाडी आडवी गेली, टायर किंचाळले, आणि ती दरीत पडली तरी अण्णा एक्सलेटर धरूनच होता. थोड्या वेळाने त्याने हातातला कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

"दुसऱ्यांसाठी मोठं कर की आता."

मी मोठं केलं. कुणी आलं नाही. तोवर तसल्या गाड्यांचे दुसरे पुष्कळ गेम आले होते.

आता तो खाली मागाजवळ बसतो. धागा तुटला की आवाजावरून त्याला वडिलांच्या आधी कळतं, पण जोडता येत नाही. परवा गेमच्या पानावर कुण्या परक्या माणसाने लिहिलं होतं, इतकी खरी घसरणारी गाडी मी कुठल्या गेममध्ये पाहिली नाही, ही कुणी बनवली? माग बंद होते तेव्हा मी त्याला मराठीत वाचून दाखवलं.

"काय लिहू, अण्णा?"

त्याने मागावरचा धागा बोटांनी चाचपला. मग म्हणाला, "काय लिवतीस? राहू दे."

वडिलांनी माग चालू केला. मी वर आले. त्या माणसाला अजून उत्तर दिलेलं नाही.