चिडवणाऱ्या आपा

आपांसारखं चिडवणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. वय साठीच्या पुढे, डोक्यावर पांढरी ओढणी, गुडघे दुखायचे म्हणून खुर्चीत बेतानं टेकायच्या; पण एकदा तोंड सुटलं की समोरच्या पोराच्या चालण्याची, बोलण्याची, अगदी दातांचीसुद्धा अशी नक्कल करायच्या, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पहिल्या दिवशी तर मी मुलीचा हात धरून उठलेच होते. म्हटलं, फुकटात चिडवून घ्यायला शाळा आहे की आमची, त्यासाठी रिक्षा करून इथवर कशाला यायचं!

"बसा हो," आपा म्हणाल्या. "माह्या चष्म्याकडे पाहा. कपाळावर गेला की मी वाईट. नाकावर आला की मी आपा."

त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि ज्या पोराला आत्ता रडकुंडीला आणलं होतं ते खुदकन हसलं. ऑटिझम असलेल्या मुलांना खरा राग कुठला आणि नाटकातला कुठला, हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून ही खूण. आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सात-आठ मुलं जमायची. एक मुलगा तर पार धामणगाव रेल्वे या गावाहून गाडीनं यायचा. छळ कसा ओळखायचा आणि कसा थांबवायचा, एवढा एकच विषय तिथं शिकवला जायचा, आणि छळणाऱ्याचं काम आपा स्वतः करायच्या.

माझी प्रज्ञा तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. ती पुस्तकातलं मराठी बोलायची. आख्खं वऱ्हाड "काहून" म्हणतं, ही बया "का बरे" म्हणणार! वर्गातल्या पोरींनी तिचं नाव आकाशवाणी ठेवलं होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण एका दुपारी तीन मुलींनी तिला शाळेच्या मागच्या भिंतीशी नेलं आणि सांगितलं, आम्ही येईपर्यंत इथून हलायचं नाही. शाळा सुटली, पोरी घरी गेल्या, फाटक लागलं. मी शोधत गेले तेव्हा ही उन्हानं लालबुंद होऊन तिथंच उभी. "त्या माझ्या मैत्रिणी आहेत. त्या येणार आहेत," म्हणाली. तिला शाळेतून काढून घरात ठेवायचं मी त्याच दिवशी ठरवलं. आमचे हे म्हणाले, एकदा आपांना दाखवू, मग काय ते कर.

आपांनी मला पहिला प्रश्न विचारला, "आतापर्यंत तुमी तिले काय शिकवलं?"

"लक्ष देऊ नको, असं सांगते मी."

"वा! म्हणजे लक्ष न देता मार खा. चांगलं शिकवलं!"

राग आला मला. पण बाई बोलली ते खोटं होतं का? नव्हतं.

ती वर्षं आमच्या भागाला फार वाईट होती. रोज सकाळी पेपर उघडावा तर कुठल्या ना कुठल्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला, घर उजाड झालेलं. अशात माझ्या मुलीला शाळेत चिडवतात, हे रडगाणं कुणापुढे गायचं? मी आपांजवळ तसं बोलून दाखवलं तर त्या फाडकन म्हणाल्या, "दुखाची काय राशनसारखी लाईन लावता? ज्याचं दुखते त्याचं दुखते. चला, पोरीले समोर बसवा."

त्या प्रज्ञाला शिकवायच्या ते पाहून मी थक्क व्हायचे. मैत्रीण खरी की खोटी, हे तेरा वर्षांच्या पोरीला कसं समजावणार? मी दोन वर्षं डोकं फोडलं होतं. आपांनी एका वाक्यात काम उरकलं. "ती तुले जे कराले सांगते, ते ती सोता करन का? नसन करत, तं तूबी करू नको." प्रज्ञानं जरा विचार केला. "त्या उन्हात उभ्या राहिल्या नव्हत्या," ती म्हणाली. "मग?" "मग त्या मैत्रिणी नाहीत." आणि मग हात पुढे करून, खणखणीत आवाजात बोलायचं: थांबा, मला हे आवडत नाही. तरी नाही थांबले तर तडक मोठ्या माणसाकडे जायचं. हे पन्नास-पन्नास वेळा. रिक्षावाला, दुकानदार, मामेभाऊ, सगळे आपाच व्हायच्या, गुडघे चोळत चोळत.

आणि मग घोटाळा झाला. शाळेच्या मोठ्या बाई एकदा वर्गात वह्या तपासायला आल्या. प्रज्ञाचं बारीक अक्षर दिसेना म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही डोळ्यांशी नेली आणि करवादल्या, "हे काय मुंग्यांचे पाय काढलेत गं?" झालं! आमची कन्या उभी राहिली, हात पुढे केला आणि गरजली, "थांबा! मला हे आवडत नाही!" मोठ्या बाई कशाच्या थांबतात! मग प्रज्ञा वर्गाबाहेर गेली आणि दिसलेल्या पहिल्या मोठ्या माणसाला, म्हणजे शिपाईकाकांना, मोठ्या बाईंची रीतसर तक्रार करून आली. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणं. दिवाळीनंतर दुसरी शाळा बघा.

आपांना सांगितलं तेव्हा आधी त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "पोरीनं बरोबर केलं. चूक माही. खरे चिडवणारे काय चष्मा वर करून येतात?" त्या दिवसापासून खूण बंद झाली. त्याच आठवड्यात त्या शाळेत गेल्या, मोठ्या बाईंची माफी मागितली आणि वर आठवीच्या वर्गावर एक तास मागितला. काय धीट बाई! मोठ्या बाईंना नाही म्हणता आलं नाही.

मी दाराशी उभी होते. वाटलं, आता दया, माणुसकी यांवर भाषण होणार. आपांनी प्रज्ञाचं नावसुद्धा घेतलं नाही. "एका पोरीले चिडवणाऱ्या किती असतात? दोन, नाई तं तीन. अन् बाकीच्या? बाकीच्या पाहतात. मले त्या पाहणाऱ्या पाहिजेत. भांडू नका, बोलूबी नका. नुसत्या जाऊन तिच्या बाजूले उभ्या राहा. येवढं जमन का?"

पंधरा दिवसांनी प्रज्ञानं घरी येऊन बातम्या दिल्या. "आज तिघींनी माझा डबा घेतला. मी म्हटले, थांबा. त्या थांबल्या नाहीत. मग वैशाली माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मग आणखी चार मुली आल्या. मग त्या तिघींनी डबा परत दिला. भाजी गवारीची होती." मी पदर तोंडात कोंबून रडले. दिवाळीनंतर तीच शाळा, तोच वर्ग. मोठ्या बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. मनातल्या मनात मी आपांना किती वेळा हात जोडले असतील!

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. अंजनगावला त्यांचा धाकटा भाऊ असाच होता. बाजारातले लोक चहा पाजून त्याला नाचवायचे. "त्याले वाटे, सारे आपले दोस्त. घरी येऊन खुशीनं सांगे. अन् मीबी हसायची, बाई. मी त्याची सख्खी बहीण." एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

आपा गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं शेवटचं बोलणं नाही, पण मला रोज आठवणारं बोलणं फोनवरचं आहे. प्रज्ञा दहावीत असताना आम्ही मोर्शीला माझ्या भावाकडे गेलो होतो. संत्री सोलत सगळे बसलेले, आणि मी मोठ्या बाईंचा आणि शिपाईकाकांचा किस्सा रंगवून सांगत होते. प्रज्ञाचा आवाज काढून, हात पुढे करून. सगळे लोटपोट. प्रज्ञानं हातातली फोड खाली ठेवली.

"आई," ती म्हणाली, "तू माझी गोष्ट सांगत आहेस. मी इथेच बसलेली आहे."

मी उठून ओसरीवर आले आणि आपांना फोन लावला. घडलं ते सांगितलं. म्हटलं, "तुम्ही शिकवलेलं आज माझ्यावरच चालवलं हो तिनं."

"नाई," आपा म्हणाल्या. "हे म्या नाई शिकवलं. हे तिचं सोताचं आहे." मग बराच वेळ त्यांच्या नाक ओढण्याचाच आवाज येत राहिला. मीही रडत होते.

"मग?" त्या एकदम म्हणाल्या. "तिची माफी मांगली का?"

"नाही अजून."

"मग मले फोन कायले करून राहिल्या? ठेवा. जा अंदर."

मी फोन ठेवला आणि आत गेले.