रिकाम्या पोटी ब्रेक

मी अंबरनाथला एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते. राहायला बदलापूरला, शिरगावात. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारीचं अगदीच चुकलं तर तो दाबायचा, नाहीतर पाय मागे घेऊन गप्प बसायचं. या कामातलं निम्मं कसब त्या गप्प बसण्यात आहे, आणि तेच माझ्या हातून जायला लागलं होतं.

चाळिशी उलटली तसं वजन वाढलं. दिवसभर बसून काम, वाढणारच. आमच्या जाऊबाईंनी तेव्हा मोबाईलवर बघून उपास धरला होता. रात्री घरातल्यांबरोबर जेवायचं, ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. मधे पाणी, नाहीतर बिनसाखरेची काळी कॉफी. त्यांचे ड्रेस महिन्याभरात सैल झाले. सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “मनावर घेतलं की होतं सगळं.”

घेतलं मनावर. सकाळी सगळ्यांचे डबे भरायचे, पोळ्यांच्या वासात उभं राहायचं आणि स्वतः कॉफी पिऊन निघायचं. पहिला आठवडा बरा गेला. मग पहाटेच झोप उडायला लागली. उठल्यापासून छातीत धडधड, जसं काही कुणीतरी मागे लागलंय. गाडीत बसले की हात थरथरायचे. ते मी पर्सखाली दाबून ठेवायची. आणि पाय सारखा ब्रेकवर. समोर कुत्रं दिसलं, ब्रेक. रिक्षा दिसली, लांब असली तरी ब्रेक.

त्याच दिवसांत कॅम्प चारच्या सिंधी वस्तीतल्या एक आंटी शिकायला आल्या. साठीच्या. नवऱ्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, मुलगा परदेशात, आणि गाडी दारात धूळ खात उभी. “हर बात के लिए पडोसी को बोलना अच्छा नहीं लगता,” पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. बाई सावकाश शिकणाऱ्या, पण पक्क्या. एकदा सांगितलेलं विसरायच्या नाहीत.

एका सकाळी आम्ही विठ्ठलवाडी डेपोजवळ होतो. डेपोतून बस बाहेर पडत होती. आंटींनी ती पाहिली होती, गाडी हळू केली होती, सगळं बरोबर चाललं होतं. मी तरी माझा ब्रेक दाबला, सगळा जोर लावून. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून रिक्षा येऊन बंपरला टेकली. रिक्षावाला उतरून ओरडायला लागला. मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. नंतर आंटींवर ओरडले, “बस दिसत नाही का तुम्हाला?”

आंटींनी शांतपणे इंजिन बंद केलं. रस्त्याच्या मधोमध. मागे हॉर्न सुरू झाले.

“मॅडम, गाडी मैं चला रही हूँ या आप?”

मला रडू फुटलं आणि त्याचाही राग आला. ते बघून रिक्षावाला आमच्या बंपरवर हात फिरवून निघून गेला. आंटींनी गाडी पुन्हा सुरू केली, माझ्या मदतीशिवाय कडेला घेतली आणि विचारलं, “कुछ खाया है सुबह से?”

“उपास आहे.”

“किस भगवान का?”

आता वजनाच्या भगवानाचं नाव काय सांगणार? त्या उतरल्या आणि कोपऱ्यावरून कागदी प्लेटमध्ये दाल-पकवान, म्हणजे कुरकुरीत पुरी आणि डाळ, घेऊन आल्या. मी नाही म्हटलं, मग सगळं खाल्लं. थोड्या वेळाने हातांची थरथर थांबली. इतक्या दिवसांची चिकाटी एका प्लेटीत गेली म्हणून मी दिवसभर स्वतःवर चरफडत होते.

तरी त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “बराच वेळ उपाशी राहिलं की साखर खाली जाऊ नये म्हणून शरीर ताणाची हार्मोन्स वापरतं. त्यातलं कॉर्टिसॉल सकाळी तसंही चढलेलं असतं, त्याच्यावर तुम्ही कॉफी ओतता. आणि कामही असं, की पावलोपावली दचकायचं.”

“म्हणजे उपास वाईट?”

“असं नाही. काहींना मानवतो.”

“मग जाऊबाईंना कसा मानवला?”

“त्या गाडी शिकवतात का?”

मला हसू आलं नाही. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला, कॉर्टिसॉल नॉर्मल. खरं सांगते, याचाच सगळ्यात जास्त राग आला. इतके दिवस धडधड माझी, थरथर माझी, आणि कागद म्हणतो काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो आकडा त्या एका सकाळचा. शिवाय झोप कमी आहे, पाळी बदलायचं वय आहे, कारण एकच असेल असं नाही. खाण्याची वेळ अलीकडे आणून बघा. उठल्यावर नाश्ता करा, संध्याकाळी लवकर जेवून घ्या, रात्रभर पोटाला विश्रांती.

सांगायला सोपं आहे. नाश्ता जमला, पोळी-भाजी डब्यात भरता भरता उभ्यानेच खाते. धडधड हळूहळू कमी झाली, पहाटेची झोपही बरीचशी परत आली. ब्रेकवरचा पाय मागे आला. आंटी पहिल्या टेस्टला रिव्हर्स घेताना नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. पेढे घेऊन आल्या तेव्हा काकांना शेजारच्या सीटवर बसवून स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. काका काच खाली करून नुसते हसत होते.

पण संध्याकाळचं जेवण! आमच्याकडे नऊच्या आत कुणी ताटावर बसत नाही. मी आधी जेवायला बसले तर सासूबाई म्हणतात, “एकटीच? घरात माणसं नाहीत का?” नवरा म्हणतो, “तू बस ना आमच्याबरोबर, थोडंसं घे.” ते थोडंसं कधीच थोडंसं नसतं. मुलगी क्लासहून येते, तिच्यासाठी पुन्हा गॅस पेटवायचा. मग मी ताटं वाढते आणि माझं पोट भरलेलं असूनही फोडणीच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं. वजनाचा काटा होता तिथेच आहे. जाऊबाई अजूनही दुपारपर्यंत उपाशी राहतात आणि तजेलदार दिसतात.

परवा नवऱ्याने विचारलं, “आज तरी सगळे मिळून जेवू या?”

“या की. सात वाजता,” मी म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. साताच्या ठोक्याला मी माझं ताट वाढून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी केला आणि भाकरी मोडली. सासूबाई आतून काहीतरी पुटपुटल्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण घास जरा जोरातच चावला.