अडकलेला कौल

देवीच्या कौलाला मी फणसाचा चीक लावला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याविषयी उगाच आदर वाटायला नको. फार जुनी गोष्ट नाही, पाच-सहा वर्षं झाली असतील. तेव्हा मी लहान होते, साठी नुकतीच उलटली होती. त्या वयात बाईला आपण फार हुशार आहोत असं वाटतं, तसं मलाही वाटत होतं.

आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे आणि आमचं घर गुरवाचं. देवळातली पूजा आणि कौल माझे दीर बघतात, ताट मी तयार करते. कौल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवीला काही विचारायचं असलं की जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाणी लावून मूर्तीला चिकटवायच्या, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नको. म्हैस घ्यावी का, होडीला नवं इंजिन बसवावं का, मुलगी त्या घरात द्यावी का, गावाचा सगळा कारभार त्या दोन पाकळ्यांवर.

त्या थंडीत माझ्या नातीच्या शाळेत फिनलंडची मुलं आली होती. अदलाबदलीचा कार्यक्रम होता. ती मुलं इथे राहणार, मग इथली दोन-चार तिकडे जाणार. सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचे, हवामान शिकायचं आणि इथली संस्कृतीही समजून घ्यायची, सगळं एका दमात. पहिल्या दिवशी संस्कृती म्हणून त्यांना लेझीम दाखवलं आणि हवामान म्हणून ऊन दाखवलं. आमच्या घरी उतरलेली मुलगी संध्याकाळपर्यंत शिजलेल्या कोलंबीसारखी लाल झाली. त्यांच्याबरोबर एक मास्तर आले होते, ताडासारखे उंच. देवळात शिरताना दर वेळी त्यांचं डोकं घंटेवर आपटायचं आणि दीर म्हणायचे, "हा माणूस मोठा भाविक हाय."

माझी नात आणि ती कोलंबी, दोघींचा एक गट. नातीने ठरवलं, कौल काय लागणार ते प्रोग्रामने आधीच सांगायचं. पाकळी वाळली की पडते, आणि कुठली आधी वाळणार ते तिच्या आकारावर आणि हवेच्या दमटपणावर, मग त्यात अवघड ते काय? दोघींनी दमटपणा मोजणारी काड्यापेटीएवढी डबी गाभाऱ्याच्या चौकटीवर बसवली आणि लॅपटॉप घेऊन सभामंडपात ठाण मांडलं. दिरांना राग येईल असं मला वाटलं होतं.

"उत्तर बदलत न्हाय ना ती डबी?" ते म्हणाले. "आधी सांगते एवढंच. आपला जुना पोस्टमन पण पत्रं वाचून तेच करायचा, वहिनी."

आणि खरंच, चार-पाच कौल त्या प्रोग्रामने बरोबर सांगितले. मास्तर इतके खूश झाले की तिकडे न्यायच्या मुलांत नातीचं नाव पहिलं घातलं. फक्त तिच्या बापाचा होकार हवा होता, तोही पाहुणे दिघीच्या धक्क्यावर बोटीत बसायच्या आत.

तिचा बाप म्हणजे माझा मुलगा. त्याला विचारलं की तो खिडकीबाहेर बघायचा. शेवटी म्हणाला, "देवीला विचारू."

हा कौल मला नको होता. कारण मी नवी नवरी असताना मला श्रीवर्धनला शिवणाच्या क्लासला जायचं होतं. सासऱ्यांनी कौल लावला आणि डावी पडली. मी कुणाला काही बोलले नाही. परसातल्या जास्वंदीशी मात्र पुढे वर्षभर अबोला धरला. तिला पाणी घालायची, पण तोंड फिरवून. अशी मी शहाणी!

तर पाहुणे निघायच्या आदल्या सकाळी, कौलाच्या दिवशी, पाहुणीसाठी भाजी करायची म्हणून मी कोवळी फणसाची कुयरी चिरत होते. हाताला खोबरेल, विळीला खोबरेल, तरी बोटं चिकटतायत. आणि शेजारी कौलाचं ताट. माझ्या डोक्यात काय चमकलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. डाव्या पाकळीला चीक लावला की ती काही पडत नाही. मग उजवी आधी पडेल आणि पोर जाईल.

ताटातल्या डाव्या बाजूच्या पाकळीला मी पाठीमागून चीक लावला. लावला आणि मग शंका आली. ही माझी डावी. देवी माझ्याकडे तोंड करून उभी, म्हणजे तिची डावी ती माझी उजवी. शिवाय दीर ताट हातात घेऊन वळणार, म्हणजे ताटाची बाजू पुन्हा बदलणार. मी स्वयंपाकघरात ताट घेऊन दोनदा गोल फिरून पाहिलं. काही उलगडा होईना. पुसायला गेले तर चीक आणखी पसरला. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "वहिनी, ताट!" मी म्हटलं, निदान नकार तरी यायला नको, आणि दुसऱ्या पाकळीलाही चीक लावून मोकळी झाले.

दिरांनी गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. प्रोग्रामने सांगितलं की उजवी पडेल. माझा जीव भांड्यात पडला. पाकळी मात्र पडली नाही.

जेवणाची वेळ झाली, पाकळ्या तिथेच. उन्हं पश्चिमेला गेली, पाकळ्या सुकून चुरगळल्या, पण तिथेच. दोघींनी प्रोग्राममध्ये लिहिलं होतं की उजवी पडली तर हे कर, डावी पडली तर ते कर, नाहीतर वाट बघ. तो बिचारा वाट बघत राहिला. पडद्यावर त्याच ओळीखाली तीच ओळ येत होती.

एक कौल सुटल्याशिवाय दुसरा लावायचा नाही अशी आमच्याकडे रीत. त्यामुळे मागे रांग लागली. होडीच्या इंजिनवाला आला, म्हैसवाला म्हैस घेऊनच आला, एका नवऱ्यामुलाची आत्या कापडाचं गाठोडं घेऊन पायरीवर बसली.

"देवी रुसली," आत्या म्हणाली.

"रुसली न्हाय, हवामान बदललंय," म्हैसवाला म्हणाला. शाळेतलं हवामानावरचं व्याख्यान त्याने मागे उभं राहून ऐकलं होतं. "आता मूर्तीवर पण परिणाम व्हायला लागला."

घंटा वाजली, म्हणजे मास्तर आत आले. नातीने त्यांना म्हैसवाल्याचं म्हणणं सांगितलं मात्र, त्यांचे डोळे चमकले. त्यांनी पाकळ्यांचे फोटो काढले आणि ठरवलं की संध्याकाळी त्यांच्या तिकडच्या शाळेसमोर व्हिडिओवर नातीने हेच सांगायचं. या किनाऱ्याची हवा इतकी दमट झाली आहे की आता देवाच्या अंगावरची पाकळीसुद्धा पडत नाही.

मी म्हटलं, चला, चिकाने जग जिंकलं. पण नात लॅपटॉपसमोर बसून मुळुमुळु रडत होती.

"काय गं झालं?"

"आज्जी, डबीत आकडा कालचाच आहे. हवा कोरडीच आहे. म्हणजे माझा प्रोग्रामच चुकलाय. पाच वेळा बरोबर आलं ते नशिबाने." तिने नाक ओढलं. "मी सरांना सांगते, माझं नाव काढा. जिला साधी पाकळी कळत नाही तिने तिकडे जाऊन काय दिवे लावायचे?"

झालं! जिला पाठवण्यासाठी मी देवीला फसवलं, तीच घरी बसायला निघाली. त्या जास्वंदीची आठवण झाली. मी घरी गेले, खोबरेलाची वाटी घेतली आणि परत येऊन गाभाऱ्याच्या दारात उभी राहिले.

"भावोजी, हे तेल लावा पाकळ्यांना. चीक हाय तो फणसाचा. मी लावलाय."

रांगेतले सगळे पुढे सरकले. मग आत्याने विचारलं, "कुठल्या पाकळीला?"

"दोन्ही."

"दोन्ही कशाला गं बये?"

मी ताट घेऊन गोल फिरून दाखवलं. त्यावर जी हसायला सुरुवात झाली ती म्हशीपर्यंत पोहोचली, तीही ओरडली. नातीने कोलंबीला सगळं इंग्रजीत सांगितलं, तर ती हसून हसून खांबाला टेकली आणि तिने बसल्या जागी प्रोग्राममध्ये आणखी एक ओळ घातली. संध्याकाळी व्हिडिओवर नातीने ती ओळ फिनलंडला वाचून दाखवली. बराच वेळ एकही पाकळी पडली नाही आणि हवा कोरडी असली, तर आजीला विचारा. मास्तरांचा चेहरा जरा उतरला होता, पण टाळ्या त्यांनीच सगळ्यात जोरात वाजवल्या.

त्याआधी दिरांनी मात्र हसू दाबत पाकळ्यांना तेल लावलं होतं. दोन्ही एकदम घसरल्या आणि देवीच्या पायाशी एकमेकींवर पडल्या. "आता ह्याचा अर्थ काय लावू?" म्हणत त्यांनी सकाळपासून समोर बसलेल्या माझ्या मुलाकडे पाहिलं. मुलगा उठून गेला. नातीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, संपलं सगळं.

घरी आले तर तो ओटीवर बसला होता. समोर माळ्यावरची जुनी बॅग, धूळ झटकलेली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, मला तिला पाठवायचंच होतं गं. मला वाटलं तूच नको म्हणशील, आणि तुला विचारायची माझी छाती नव्हती, म्हणून देवीला मधे घातलं. आता तिची बॅग तूच भर, आणि कृपा करून त्यात फणस घालू नकोस."