चोपड्याचे टायरआबा

गिऱ्हाईक दुकानात आलं की टायरआबा त्याच्या तोंडाकडे बघतच नसत. सरळ बाहेर येऊन गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसत, टायरच्या खाचांतून अंगठा फिरवत आणि खालूनच विचारत, "डोंगरमा कितला दिन, डांबरवर कितला दिन?" याचं उत्तर मिळेपर्यंत ते टायर दाखवत नसत. 'आबा, चांगला टायर द्या' म्हणणाऱ्याला तर बाकावर बसवूनच ठेवत. चांगला टायर असं काही नसतं, रस्ता कोणता ते आधी सांगा, असं त्यांचं म्हणणं.

मी गुराढोरांची डॉक्टर. आठवड्यातले तीन दिवस सातपुड्यातल्या पाड्यांवर शेळ्या आणि गाई, उरलेले दिवस औषधं आणायला जळगाव, नाहीतर खालची गावं. माझा नवरा सुनील बियाण्यांचं दुकान भावावर सोडून माझी गाडी चालवायला यायचा. आम्ही जुनी जीप घेतली आणि आबांकडे गेलो, तेव्हा मी सांगितलं, "तीन दिवस डोंगर, तीन दिवस डांबर." आबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक तुम्ही," म्हणाले. माझ्याशी ते पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत. मन हललं की मात्र अहिराणीवर येत.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला तासभर शिकवलं. डोंगरात टायर तळाला फाटत नाही, बाजूला फाटतो. दगडाची धार आणि सागाचे खुंट बाजूलाच लागतात. म्हणून बाजू जाड हवी. खाचा खोल हव्यात, पण एकमेकींपासून फार लांब नकोत, नाहीतर डांबरावर रबर कमी टेकतं. चारही चाकं एका जातीची हवीत आणि पाचवंही तेच हवं. टायरवर छापलेली तारीख त्यांनी मला बोटानं वाचून दाखवली. "नुसतं पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं, बाई." डोंगर लागला की हवा थोडी सोडायची आणि परत डांबरावर आलं की आधी हवा भरायची. हे त्यांनी सुनीलकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला ते कचरत नसत. एकदा केळीचे एक मोठे बागायतदार कोरी गाडी घेऊन आले. त्यांना चिखलात चालणारे, हाताएवढ्या खाचांचे टायर हवे होते. आबांनी विचारलं, "गाडी बागेत नेता का?" ते म्हणाले, "छे, बागेत कशाला? लगीनसराईत काढतो." आबा उठले, हात पुसले. "मग राहू द्या. एवढा आवाज करतील की आत बसलेल्यांना बँडसुद्धा ऐकू यायचा नाही." बागायतदार हसत निघून गेले. आबा हसले नव्हते.

तसलेच टायर हवेत, असं सुनीलच्या मनानं घेतलं. एका पाड्याच्या खालच्या नाल्यात आमची जीप रुतली आणि बैल जोडून बाहेर काढेपर्यंत दुपार टळली. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. तो आबांकडे तीनदा गेला. तिन्ही वेळा आबा नाही म्हणाले. "दखावाले भारी शे. पन डांबरवर पानी पडनं का मंग हाई टायर कोनंच ऐकस नही." चौथ्यांदा सुनील टायर बाहेरून विकत घेऊनच दुकानात आला. म्हणाला, "आबा, तुम्ही बसवा, नाहीतर धुळ्याला जाऊन बसवतो." आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी जॅक लावला. मी बाकावर बसले होते. आबांचं मला पटत होतं. मी बोलले नाही.

पाच आठवड्यांनी तापीच्या पुलाअलीकडच्या उतारावर सुनील गेला. अवकाळीचा शिडकावा झाला होता, रस्ता नुसता ओशट झाला होता. पुढे केळीचा ट्रक बंद पडून उभा होता. सुनीलनं ब्रेक लावला होता, असं पोलिसांनी सांगितलं. खुणा दिसत होत्या म्हणे. मी गाडीत नव्हते. त्या दिवशी पाड्यावर मयत झाल्यामुळे आमचं लसीकरण रद्द झालं होतं, म्हणून तो एकटाच जळगावला निघाला होता.

मला रडू आलं नाही. घरात बायका रडत होत्या. मी त्यांच्यासाठी सतरंज्या घालत होते, उचलत होते. लोक येत, काही ना काही सांगून जात. कोणी म्हणे ट्रकवाल्याची चूक, कोणी म्हणे वेळच आली होती. मी सगळ्यांना हो म्हणत होते.

चौथ्या दिवशी आबा आले. दारातच बसले. "टायर मी बसवले, बाई."

"हो," मी म्हणाले. मग विचारलं, "चहा घ्याल?"

त्यांनी चहा घेतला. अर्धा झाल्यावर मी विचारलं, "दुसरे टायर असते, तर थांबली असती का गाडी?"

पोलीस ठाण्याच्या आवारात ठेवलेली जीप ते तीनदा बघून आले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"माले माहीत नही, माय."

तेरा दिवसांत एवढं एकच उत्तर माझ्या आत कुठेतरी पोचलं. दिलासा नव्हता त्यात. पण ते खरं होतं.

सहा महिन्यांनी मी गाडी शिकले. दुसरी जुनी जीप घेतली आणि तिचे टायर आबांनीच निवडले. मग ते मला गावाबाहेरच्या कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात घेऊन गेले. तिथल्या फरशीवर त्यांनी टँकरनं पाणी सोडायला लावलं आणि शेजारी बसून मला पुन्हा पुन्हा ब्रेक मारायला लावला. माझा पाय दुखायला लागला. "चढणं काय, बैलगाडीही चढते," ते म्हणाले. "थांबता आलं पाहिजे." त्यानंतर पहिले कित्येक आठवडे दुकान बंद ठेवून ते माझ्यासोबत पाड्यांवर आले. मी शेळ्या टोचायची. ते झाडाखाली बसून पाड्यावरच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचे. सुनीलचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. एक दिवस उतरताना म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही. गरज राहिली नाही." दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले.

सहा वर्षं अशीच गेली. मग आबांची डावी बाजू लुळी पडली आणि मुलानं त्यांना धुळ्याला नेलं. दुकान बंद झालं. मी एका रविवारी धुळ्याला गेले. खाटेवर ते लहानसे दिसत होते. शब्द जड येत होते, पण कळत होते. मुलगा चहा सांगायला आत गेला, तेव्हा मी बोलले. कोणालाही न सांगितलेलं बोलले.

"आबा, त्या दिवशी मी बाकावर बसले होते. मला तुमचं पटत होतं. मी एक शब्द बोलले असते, तर सुनीलनं ऐकलं असतं."

आबांनी उजवा हात माझ्या हातावर ठेवला.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले.

माहीत नसलेली गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. ही सांगितली. सुनीलनं माझं ऐकलं असतं. तो माझं नेहमी ऐकायचा, आणि आबांनी ते दुकानात कितीदा डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मान हलवली. त्यांनी हात काढून घेतला नाही. चहा आला, आम्ही दोघांनी घेतला.

परत येताना अमळनेरच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि रडले. फार वेळ नाही.

आबा पुढच्याच आठवड्यात गेले. फोन आला तेव्हा मी पाड्यावर होते. एका हातात सुई होती, दोन बायांनी शेळी धरून ठेवली होती. अजून वीसेक शेळ्या बाकी होत्या आणि बाया लांबून चालत आल्या होत्या. मी फोन पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "पुढची आणा."